लाइट लागली की बरी चालणारी गाडी

कळव्यातल्या माझ्या गॅरेजमध्ये ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आलेल्या एका गाडीची ही पूर्ण हकीकत. शेवटी बिघाड निघाला तो तारेच्या टोकाला चेपलेल्या, तांदळाच्या दोन दाण्यांएवढ्या धातूच्या एका टर्मिनलमध्ये. पण तिथवर पोचेपर्यंत गाडीमालकाचा दीड महिना गेला होता, एक चांगला सेन्सर उगाच बदलून झाला होता आणि दुसरा बदलायच्या बेतात होता. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पावसाळ्यात हा प्रकार मला पुन्हा पुन्हा भेटतो, म्हणून आकड्यांसकट लिहून ठेवतोय.

गाडी दीडशे ते दोनशे सीसीच्या मधली, रेडिएटरवाली, २०२१ ची, बीएस-६. कंपनी कोणती याला इथे महत्त्व नाही. बिघाड ज्याच्या वाटेवर निघाला तो कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) तापमानाचा सेन्सर आणि त्याचा दोन पिनांचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लास्टिकचा जोड, जवळपास सगळ्याच रेडिएटरवाल्या गाड्यांना असतो.

मालक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. राहायला उथळसरला, नोकरी महापे एमआयडीसीत. रोजचा रस्ता ठरलेला: कोर्ट नाका, कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे, महापे. त्याने तक्रार सांगितली ती अशी:

"काका, सकाळी एका सेल्फला चालू होते. पण ऐरोलीला पेट्रोल भरायला थांबलो की नंतर दहा-दहा वेळा सेल्फ मारावा लागतो. थ्रॉटल पूर्ण पिळून धरला की मग कशीबशी उठते. अ‍ॅव्हरेज पंचेचाळीस होतं, आता एकतीस. आणि मधूनच इंजिनची लाइट लागते, दोन दिवसांनी आपोआप जाते."

मी विचारलं, "लाइट लागलेली असते तेव्हा गाडी कशी चालते?"

तो जरा घुटमळला. "खरं सांगू का? तेव्हाच बरी चालते. आणि तो पुढचा फॅनपण तेव्हाच फिरतो. लाइट नसली की फॅनचा आवाज येतच नाही."

हे वाक्य मी जॉब कार्डवर जसंच्या तसं लिहून घेतलं. आधीच्या दोन ठिकाणी त्याने हे सांगितलं नव्हतं, कारण त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन सांगावं तर आपल्याला हसतील असं त्याला वाटलं. बिघाडाची लाइट लागल्यावर गाडी सुधारते हे कानाला उलटं वाटतं खरं. पण मालक गाडीवर रोज तास-दीड तास बसतो. त्याला जे जाणवतं ते माझ्या स्कॅनरला दिसत नाही.

मागची कहाणी अशी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जोराच्या पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं होतं. सगळे काढत होते म्हणून यानेही गाडी काढली. पाणी फूटरेस्टच्या वर होतं. गाडी बंद पडली नाही, पण चिखलाने माखली, म्हणून दुसऱ्या दिवशी वॉशिंग सेंटरला प्रेशरने धुऊन घेतली. आठ-दहा दिवसांनी लाइट लागली. जवळच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पी०११८ कोड आला. हा कूलंटच्या तापमान सेन्सरच्या सर्किटचा कोड. त्यांनी सेन्सर बदलला, मजुरीसकट ११५० रुपये. लाइट गेली, गाडीही सुधारली. दोन आठवडे सगळं ठीक होतं, मग पुन्हा तेच. यावेळी तो दुसरीकडे गेला. तिथे प्लग काजळीने काळाकुट्ट निघाला, सायलेन्सरला पेट्रोलचा वास येत होता. निदान झालं ऑक्सिजन सेन्सरचं (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन बघणारा), खर्च ३४०० रुपये. तेवढे पैसे द्यायच्या आधी एकदा अजून कुणाला तरी दाखवावं म्हणून तो माझ्याकडे आला. येताना बिल आणि काढलेला जुना सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आला होता. जुना पार्ट मागून घेण्याची सवय फार थोड्या लोकांना असते. या प्रकरणात तो जुना सेन्सर फार कामाला आला.

पुढे जायच्या आधी हा सेन्सर काम कसं करतो ते सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचे आकडे कोरडे वाटतील.

तापमानाचा सेन्सर म्हणजे पितळेच्या नळीत बसवलेला थर्मिस्टर. थंड असला की त्याचा रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, आपल्या पोटातल्या एका ठरलेल्या रेझिस्टरमधून त्याच्याकडे ५ व्होल्ट सोडतो आणि सेन्सरच्या तारेवर किती व्होल्ट उरतात ते बघतो. जास्त उरले तर इंजिन थंड, कमी उरले तर गरम. त्यावरून पेट्रोल किती सोडायचं, आयडल किती ठेवायचा, रेडिएटरचा फॅन कधी लावायचा हे ठरतं. तार तुटली किंवा कपलर निघाला तर तारेवर सगळेच्या सगळे ५ व्होल्ट उरतात. ईसीयूच्या हिशोबात ते होतात उणे ४० अंश. हे रीडिंग त्याच्या मर्यादेबाहेरचं असतं, म्हणून तो पी०११८ टाकतो, लाइट लावतो आणि त्या सेन्सरचं ऐकणं बंद करतो. मग तो इंजिन तापलेलं आहे असं धरून आपल्याकडचं ठरावीक तापमान वापरतो आणि इंजिन वाचावं म्हणून फॅन चालूच ठेवतो. बऱ्याच रेडिएटरवाल्या गाड्यांमध्ये हीच पद्धत असते.

आता त्या मुलाचं वाक्य पुन्हा वाचा. लाइट लागते तेव्हा ईसीयूने सेन्सरचं ऐकणं सोडलेलं असतं, आणि तेव्हा गाडी बरी चालते. याचा अर्थ लाइट नसताना ईसीयू एका खोट्या रीडिंगवर विश्वास ठेवतोय. ते रीडिंग खोटं आहे, पण मर्यादेत आहे, म्हणून कोड पडत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि दुचाकींना निदानाचा कपलर आला. पण पहिल्या टप्प्यातल्या या गाड्यांचा ईसीयू मुख्यतः एवढंच बघतो की तार तुटली आहे का, शॉर्ट झाली आहे का. ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःच्या बिघाडाचं निदान करण्याचा पुढचा टप्पा, दुचाकींना लागू झाला १ एप्रिल २०२३ पासून. ही गाडी २०२१ ची. सेन्सर मर्यादेत राहून खोटं बोलत असेल तर ते ओळखण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवता येत नाही.

पहिल्या दिवशी आधी साध्या गोष्टी पाहिल्या. बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू गाडीत चार्जिंग १४.१. एअर फिल्टर ओला नव्हता. पेट्रोलचं प्रेशर ३ बारच्या आसपास आणि पंप बंद केल्यावर टिकून, म्हणजे इंजेक्टर गळत नव्हता. रेडिएटरच्या बाटलीतलं कूलंट मात्र खालच्या खुणेच्याही खाली होतं. ते मी लिहून ठेवलं.

गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून घेतली. सकाळी नऊला, स्टार्टर न मारता, फक्त स्विच ऑन करून स्कॅनर लावला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हवेचा तापमान सेन्सर आणि कूलंटचा तापमान सेन्सर यांनी जवळपास एकच आकडा दाखवायला हवा. ही तपासणी फुकट असते आणि दोन मिनिटांत होते. हवा ३० अंश दाखवत होती, कूलंट २६. चार अंशांचा फरक. टेंपरेचर गनने इंजिनवर ३० दिसले. चार अंश इकडे-तिकडे चालायचेच, असं म्हणून मी तो फरक सोडून दिला. ते माझं चुकलं. उत्तर तिथेच, सकाळी नऊ वाजता समोर आलं होतं.

मग गाडी सुरू केली आणि वीस मिनिटं चालू ठेवली. स्कॅनरवरचं तापमान चढत गेलं, चाळीस, पन्नास, पंचावन्न, आणि साठवर येऊन थांबलं. रेडिएटरचा वरचा पाइप हात लावता येणार नाही इतका तापला होता, म्हणजे थर्मोस्टॅट (गरम कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडून बराच वेळ झाला होता. सेन्सर ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या घरात बसतो त्यावर टेंपरेचर गन धरली. (चकचकीत धातूवर ही गन कमी दाखवते. काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवायचा आणि त्यावर धरायची.) टेपवर ८९ अंश आले. स्कॅनर म्हणतो ६०, टेप म्हणते ८९. फॅन गप्प. गप्पच राहणार, कारण ईसीयूच्या मते इंजिन अजून नीट तापलंच नव्हतं.

ऑक्सिजन सेन्सर ०.८५ व्होल्टवर चिकटलेला होता. इंजिन तापल्यावर हा आकडा ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखा वरखाली नाचायला हवा. न नाचणारा ऑक्सिजन सेन्सर दिसला की तोच गेला असं वाटणं साहजिक आहे. पण ०.८५ चा सरळ अर्थ आहे की मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. तो जिवंत आहे की नाही हे ठरवायला त्याला वेगळी परिस्थिती द्यायची. मी थ्रॉटल बॉडीवरची एक बारीक व्हॅक्यूम नळी क्षणभर काढली. जादा हवा आत गेली आणि आकडा लगेच ०.२ वर आला. नळी लावली, पुन्हा ०.८५. सेन्सर ठणठणीत होता आणि खरी परिस्थिती सांगत होता. ३४०० रुपयांचा विषय तिथेच संपला. स्कॅनर 'ओपन लूप' दाखवत होता, म्हणजे ईसीयू अजून ऑक्सिजन सेन्सरचं ऐकायलाच तयार नव्हता. पुरेसं तापमान आल्याशिवाय या गाडीचा ईसीयू त्याचं ऐकत नाही, आणि त्याच्या दृष्टीने ते तापमान येतच नव्हतं.

माझा पहिला संशय नव्या सेन्सरवर गेला. बाहेरच्या बनावटीचा असेल, याचं तापमान आणि रेझिस्टन्स यांचं गणित या गाडीच्या ईसीयूशी जुळत नसेल, असं वाटलं. पण मग जुना सेन्सर तरी का खराब ठरला होता? दोन्ही हातात होते, तर दोन्ही मोजावेत.

इंजिन थंड झाल्यावर नवा सेन्सर काढला. गॅरेजमध्ये अ‍ॅल्युमिनियमचं एक जुनं पातेलं याच कामासाठी ठेवलेलं आहे. समोरच्या रसवाल्याकडून बर्फ आणला. ठाणं समुद्रसपाटीजवळ असल्यामुळे आपल्याकडे पाणी १०० अंशांनाच उकळतं, आणि बर्फ वितळत असलेलं पाणी असतं शून्याला. दोन्ही टोकं बिनखर्चाची मिळतात, मधल्या आकड्यांसाठी साधा थर्मामीटर पुरतो. सेन्सरचं फक्त पितळेचं टोक पाण्यात राहील असा तो तारेने टांगला, कपलरचा भाग कोरडा ठेवला आणि मल्टीमीटर ओहमवर लावला.

जुना सेन्सर: बर्फाच्या पाण्यात ९.४ किलोओहम. ३० अंशांना २.२ किलोओहम. स्टोव्ह लावला आणि आकडा उतरत गेला. ६० अंशांना ६६५ ओहम, ८० ला ३३०, ९० ला २४०, आणि पाणी खदखदायला लागल्यावर १७८. मध्ये कुठे उडी नाही, अडखळणं नाही. नवा सेन्सर लावला. त्याचे आकडे जुन्याच्या इतके जवळ की दोन वह्या शेजारी ठेवल्या तर कुठला कोणता ते सांगता येऊ नये. आमचा पोऱ्या पातेल्याजवळ आकडे लिहीत बसला होता. तो म्हणाला, "दादा, मग जुना काढला कशाला?"

प्रश्न बरोबर होता. पण आधीच्या गॅरेजवर मी ताशेरे ओढणार नाही. स्कॅनरच्या पडद्यावर सेन्सरचं नाव येतं, गिऱ्हाईक घाईत असतं, पार्ट दुकानात मिळतो. शिवाय पार्ट बदलल्यावर गाडी खरंच सुधारली! कपलर काढताना तार हलली, आतलं खराब झालेलं जोडण्याचं ठिकाण थोडं सरकलं, तांब्याला ताजी जागा मिळाली आणि दोन आठवडे सगळं सुरळीत झालं. कुठल्याही मेकॅनिकला वाटलं असतं की आपलं निदान बरोबर होतं. पी०११८ च्या नावात 'सर्किट' हा शब्द आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या दोन तारा, कपलर, टर्मिनल, जोड आणि ईसीयू, सगळं मिळून. पडद्यावर मात्र आपल्याला फक्त सेन्सर दिसतो.

दोन्ही सेन्सर चांगले, तर उरल्या तारा. इथे एक तपासणी अशी आहे की जी मी प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्यांदा शिकवतो. सेन्सरचा कपलर काढायचा आणि हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या तारांच्या जुडग्याच्या, बाजूच्या दोन टर्मिनलमध्ये एक छोटी वायर टाकून ती एकमेकांना जोडायची. याने ईसीयूला शून्य ओहम दिसायला हवा. शून्य ओहम म्हणजे त्याच्या तापमान-रेझिस्टन्सच्या कोष्टकाबाहेरचं, अशक्य गरम. स्कॅनरवर आकडा सव्वाशे-दीडशेच्या घरात उडायला हवा आणि आता उलट बाजूचा कोड पडायला हवा, पी०११७. वायर काढली की उणे चाळीस. दोन्ही टोकं नीट गाठली गेली, तर तारा आणि ईसीयू ठीक.

वायर काढलेली असताना उणे चाळीस आलं. बरोबर. वायर टाकली आणि स्कॅनरवर आले ७२ अंश.

सेन्सरच्या जागी सरळ तार, तरी ईसीयूला ७२ अंश दिसतात. याचा अर्थ वाटेत कुठेतरी आधीच एक रेझिस्टन्स बसलेला आहे. किती, ते पातेल्याजवळच्या वहीत बघून कळलं. ७२ अंशांना या सेन्सरचा रेझिस्टन्स सुमारे ४३० ओहम. म्हणजे तारेत ४३० ओहम फुकटचे.

तो आकडा हातात आल्यावर सगळी गाडी उलगडली. सकाळी ३० अंशांना सेन्सरचे २.२ किलोओहम, त्यात ४३० मिळवले की होतात जवळपास २.६५, आणि कोष्टकात ते बसतात २६ अंशांवर. तेच ते चार अंश, मी सोडून दिलेले. इंजिन ९० ला पोचल्यावर सेन्सरचे २४०, त्यात ४३०, एकूण ६७०, म्हणजे ६० अंश. तोच दोष, तेवढेच ओहम. थंड इंजिनात त्याने चारच अंशांची चूक केली आणि गरम इंजिनात तीस अंशांची. थंड थर्मिस्टरचा स्वतःचा रेझिस्टन्स इतका मोठा असतो की चारशे ओहम त्यात बुडून जातात, गरम असताना मात्र तेच चारशे त्याच्याहून जास्त भरतात. म्हणून सकाळी एका सेल्फला सुरू आणि ऐरोलीच्या पंपावर रुसून बसलेली. तापलेल्या इंजिनाला ईसीयू कोमट समजून जादा पेट्रोल पाजत होता. थ्रॉटल पूर्ण पिळून सेल्फ मारला की उठायची ती यामुळेच: तसं केल्यावर बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांचा ईसीयू पेट्रोल तोडतो आणि तुंबलेलं इंजिन मोकळं होतं.

मला खरी काळजी वाटली ती वेगळ्या गोष्टीची. सेन्सरचा रेझिस्टन्स शून्यावर गेला तरी ईसीयूला ७२ च्या वर काही दिसणारच नव्हतं. कळवा नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन कितीही तापो, फॅन लागणार नव्हता, आणि तापमानाचा इशारा याच सेन्सरवर चालतो म्हणून तोही येणार नव्हता. बाटलीतलं कूलंट कमी का झालं होतं ते आता कळलं. त्या मुलाच्या नशिबाने तार अधूनमधून पूर्ण तुटत होती, लाइट लागत होती आणि त्या निमित्ताने फॅन फिरत होता. हेड गॅस्केट वाचलं ते तेवढ्यामुळे.

आता ४३० ओहम शोधायचे कुठे? हे मी ओहमवर मोजत नाही. सडलेल्या जोडाचा ओहम मीटर लावल्या लावल्या बदलतो, एकदा ३८०, एकदा ९००. सर्किट चालू असताना व्होल्ट कुठे हरवतात ते मोजलं तर उत्तर पक्कं मिळतं. सेन्सर परत बसवला, कूलंट भरलं, हवा काढली, गाडी गरम केली. ईसीयूच्या सिग्नल पिनवर १.१७ व्होल्ट. सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ०.४२ व्होल्ट. वाटेत ०.७५ व्होल्ट गायब. मग मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल सेन्सरच्या अर्थच्या (अर्थिंगच्या, म्हणजे निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या तारेच्या) टर्मिनलला: ०.७५ व्होल्ट. अर्थच्या तारेवर इतके व्होल्ट असूच नयेत, फारतर पाच-दहा मिलिव्होल्ट. ईसीयूच्या अर्थ पिनवर तेच मोजले तर ०.०१. थ्रॉटलच्या सेन्सरची अर्थही याच सामाईक तारेतून जाते आणि तिथेही ०.०१ होते. म्हणजे सामाईक जोड चांगला. दोष त्या जोडापासून तापमान सेन्सरच्या कपलरपर्यंतच्या, वीतभर तारेत.

ती तार कपलरच्या मागे दोन बोटांनी धरून हळूच वाकवली. पोऱ्या स्कॅनरकडे बघून आकडे ओरडत होता: साठ, चौऱ्याऐंशी, एकावन्न, पुन्हा साठ, आणि मग एकदम उणे चाळीस. लाइट लागली. फॅन सुरू झाला. तार सोडली तर परत साठ.

गाडी बंद करून कपलर काढला. मागच्या बाजूने बघितल्यावर दिसलं की तारेवरचं रबराचं सील नीट बसलेलं नाही, त्याची एक कड आत दुमडली आहे. बारीक सुईने लॉक दाबून टर्मिनल मागे ओढलं तर ते जवळजवळ आपोआप हातात आलं. तार जिथे टर्मिनलमध्ये चेपलेली असते तिथे मोरपंखी हिरवी भुकटी होती. भिंगाखाली धरलं. तारेच्या बारीक धाग्यांपैकी तीन-चारच टर्मिनलला धरून होते, तेही हिरवे पडलेले. बाकीचे तुटून भुकटीत गेले होते. टर्मिनलचं तोंड, म्हणजे सेन्सरची पिन जिथे शिरते ती जागा मात्र स्वच्छ आणि चकचकीत. समोरून कपलर उघडून बघणाऱ्याला काही दिसलंच नसतं. तारेचं इन्सुलेशन सोलत गेलो तर तांबं आतून काळं. पाणी तारेच्या धाग्यांमधून वातीसारखं वर चढलेलं. तीन-चार सेंटिमीटर कापल्यावर लालसर तांबं दिसलं.

विटाव्याचं साचलेलं पाणी, त्यावर प्रेशरचं पाणी सरळ इंजिनवर, आणि रोजची खाडीवरची खारट हवा. दुमडलेल्या सीलमधून एकदा पाणी आत गेलं की बाहेर पडायला वाट नसते, कारण तेच सील त्याला आत कोंडून ठेवतं. गाडी प्रेशरने धुणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की फवारा कपलरच्या मागच्या बाजूला मारू नका. आणि मेकॅनिक बंधूंना दुसरी: व्होल्ट बघायला तारेच्या इन्सुलेशनमध्ये टाचणी खुपसू नका. ते भोक पुढच्या पावसाळ्यात असंच हिरवं होऊन दुसऱ्या कुणाच्या तरी गॅरेजमध्ये येतं. कपलरच्या मागून सीलच्या कडेने बारीक पिन सरकवता येते. जरा वेळ लागतो, पण तार शाबूत राहते.

दुरुस्ती साधी होती. नवा दोन पिनांचा कपलर, नवी टर्मिनलं, नवी सीलं. तार कमी पडली म्हणून त्याच जाडीचा तुकडा जोडून, आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवली. टर्मिनल पकडीने ठोकून बसवलं नाही, क्रिंपिंग टूलने चेपलं, कारण ठोकलेल्या टर्मिनलमध्ये फट राहते आणि पाण्याला तेवढी पुरते. सिलिकॉन ग्रीस लावलं. कपलरकडे येणारी तार आधी वरून उतरत सरळ कपलरमध्ये जात होती, म्हणजे तारेवरून ओघळणारं प्रत्येक थेंब कपलरच्या पाठीवर. तिला खाली एक वळण देऊन मग वर नेली, थेंब वळणावरून गळून जातो. सामान १८० रुपये, मजुरी ७००.

प्लग बदलला. ऑइलची काडी हुंगली तर पेट्रोलचा वास येत होता, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरलं होतं, म्हणून ऑइलही बदललं. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवत राहण्यात अर्थ नाही, किलोमीटर झालेले असोत वा नसोत.

मग पुन्हा मोजलं. कपलरच्या टर्मिनलमध्ये वायर टाकली: आकडा कोष्टकाबाहेर, पी०११७. कोड पुसला. दुसऱ्या सकाळी थंड गाडीत हवा २९, कूलंट २९. गरम केल्यावर अर्थच्या टर्मिनलवर ०.०१ व्होल्ट. तापमान पंचाऐंशीच्या पुढे गेलं, 'क्लोज्ड लूप' आलं आणि ऑक्सिजन सेन्सर नाचायला लागला. गाडी उभी ठेवून तापू दिली. ९९ ला फॅन घरघरला, ९३ ला थांबला. दोन वेळा तसंच होऊ दिलं. गरम गाडी बंद करून पाच मिनिटांनी सेल्फ मारला, पहिल्याच दाबात चालू.

गाडी देताना त्या मुलाला सांगितलं की टाकी तीन वेळा फुल करून अ‍ॅव्हरेज लिहून ठेव, एका टाकीवर विश्वास ठेवू नकोस. त्याने ४२, ४४ आणि ४४ लिहून पाठवले. जुना सेन्सर त्याला परत देत होतो तर म्हणाला, "काका, राहू दे तुमच्याकडेच, कुणाला लागला तर." तो सेन्सर आता पातेल्याशेजारच्या खणात असतो. त्याच्या बरोबरचा आकड्यांचा कागद पोऱ्याने प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावला आहे.

सप्टेंबरात गणपतीनंतर एका रात्री मोठा पाऊस झाला. दहाच्या सुमाराला त्याचा फोन आला. मागे ट्रकचे हॉर्न, पावसाचा आवाज. विटाव्याच्या अलीकडे ट्रॅफिक अडकलं होतं, पुलाखाली पुन्हा पाणी होतं आणि यावेळी तो पाण्यात न शिरता कडेला थांबला होता.

"काका, फॅन फिरतोय," तो म्हणाला. "आणि लाइट नाहीये."